कामाठीपुऱ्यातली खोली आणि भाडेपावतीवरचं नाव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कामाठीपुऱ्याच्या दहाव्या गल्लीत आजोबांच्या नावावर पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली, एक खोली आहे. तुम्ही डोंबिवलीला राहता, खोलीत काका राहतात. म्हाडाच्या पुनर्विकास योजनेच्या बातम्या वाचून तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: हा भाग पहिल्यापासूनच वेश्यावस्तीचा होता का, पुनर्विकास खरंच होईल का, तळमजल्यावर धंदा करणाऱ्या बायकांचं काय होईल, आणि रोज फोन करणाऱ्या दलालाला खोली देऊन मोकळं व्हावं का. सेसच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात वास्तुविशारद म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. क्रम मात्र माझा.

पहिल्याचं उत्तर "नाही". आणि ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट भायखळ्यापर्यंत आत यायचं. हॉर्नबी वेलार्डचा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि मागची पाणथळ जमीन हळूहळू भरता येऊ लागली. ते भर घालायचं, खडी फोडायचं, भिंती उभारायचं काम करायला निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून कामाठी आले. जी जमीन त्यांनी भरली तिथेच त्यांनी झोपडी घातली. वस्तीला त्यांचं नाव पडलं. म्हणजे मुळात ही गवंडी-मजुरांची वस्ती. आजही काही गल्ल्यांत तेलुगू कानावर पडतं.

आता एक आकडा पाहा. १८६४ च्या मुंबईच्या जनगणनेत वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांची वस्तीवार मोजणी आहे. उंबरखाडीत १,५८३, फणसवाडीत १,३२३, गिरगावात १,०४४. आणि कामाठीपुऱ्यात ६०१. फणसवाडीचं नाव घेतल्यावर आज कोणाच्या भुवया वर जात नाहीत. तिथे मुलगी द्यायला कोणी कचरत नाही. मग पुढच्या तीस-चाळीस वर्षांत असं काय झालं की सगळं एकाच मोहल्ल्यावर येऊन बसलं?

सरकारने बसवलं. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने या बायकांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी सुरू करण्याची सोय केली. गोऱ्या सोल्जरांना आणि खलाशांना रोग लागू नयेत, हा त्यामागचा हिशोब. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, खर्च कोणी करायचा या वादात दोन वर्षांत बंद पडला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, पण "या बायका एका ठिकाणी असल्या की लक्ष ठेवायला बऱ्या" हा पोलिसांचा विचार काही गेला नाही. युरोपातून आणलेल्या बायकांसाठी शुक्लाजी स्ट्रीट ठरून गेली, तिला लोक सफेद गल्ली म्हणू लागले. गिरगाव, फणसवाडीतल्या प्रतिष्ठित मंडळींनी आपल्या वस्तीतून हा धंदा हटवावा म्हणून अर्ज केले, कामाठ्यांकडून असे अर्ज कोण लिहिणार? ज्यांच्याकडे वकील होते त्यांच्या गल्ल्या स्वच्छ झाल्या. माझं मत विचाराल तर कामाठीपुऱ्याच्या बदनामीचा निम्मा इतिहास एवढ्यातच आला.

उरलेला निम्मा गिरण्यांचा आणि गोदीचा. घाटावरून, कोकणातून माणूस यायचा तो एकटा. बायको-पोरं गावी. खानावळीत जेवायचं, पाळीने झोपायचं. अशी लाखभर एकटी पुरुषमंडळी चालत पोचतील एवढ्या अंतरावर राहत होती. शेजारी पिला हाऊसची थिएटरं, तिथे पारशी नाटकं आणि मग तमाशे. फॉकलंड रोडला आज पठ्ठे बापूरावांचं नाव आहे ते उगाच नाही, त्यांच्या लावण्यांवर याच परिसरातली थिएटरं भरायची. करमणूक आणि धंदा यांच्यातली रेघ तेव्हाही पुसट होती, पण तमाशाच्या फडातल्या बाईला आणि पिंजऱ्यातल्या, म्हणजे कुंटणखान्यात गजांआड बसवलेल्या बाईला एकाच मापाने मोजणं हा पांढरपेशांचा आळस.

पिंजऱ्यातलं जगणं कसं होतं याची सरकारदरबारी नोंद आहे. १९१७ मध्ये डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या बाईचा मालकांनी छळ करून खून केला. पळून जायचा प्रयत्न केला हा तिचा गुन्हा. खटला गाजला, समिती बसली, आणि १९२३ चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. दलाल, मालक यांच्यावर कारवाई करणं हा कायद्याचा हेतू. प्रत्यक्षात बडगा बसायचा तो रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईच्या पाठीत. १९५६ चा केंद्राचा कायदा आला, १९८६ मध्ये तो सुधारला, तरी यात फार फरक पडला नाही.

१८९६ च्या प्लेगबद्दलही दोन वाक्यं, कारण मुंबईतला "वस्ती सुधारणे" हा उद्योग तिथून सुरू होतो. मांडवीत प्लेग सापडला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि आपल्या शेजारचा नागपाडा त्याने सुरुवातीलाच हातात घेतला. कोंदट चाळी पाडायच्या, सरळ रुंद रस्ते काढायचे. कल्पना वाईट नव्हती. पण पाडण्याचा वेग बांधण्यापेक्षा जास्त होता, आणि पाडलेल्या खोलीतलं बिऱ्हाड नव्या इमारतीचं भाडं परवडत नाही म्हणून शेजारच्या गल्लीत घुसत होतं. सव्वाशे वर्षं झाली. हे वाक्य आजही जसंच्या तसं लिहिता येतं.

आता इमारतींकडे येऊ. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला निवारा टिकला, पण मालकाला महिन्याकाठी चहापाण्याएवढी रक्कम मिळू लागल्यावर तो दुरुस्ती कशाला करेल? मग पागडी आली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि दुरुस्ती मंडळाने डागडुजी करायची असं ठरलं. तोच तुमच्या पावतीतला सेस. मंडळाची दुरुस्ती म्हणजे काय ते तुमच्या इमारतीत दिसेलच: लाकडी तुळई कुजली की तिच्याखाली लोखंडी टेकू, टेकू गंजला की शेजारी दुसरा टेकू. जिन्याला कठडा नाही, वरून सोडलेला दोर धरून चढायचं. दोराला इतक्या पिढ्यांचे हात लागलेले असतात की तो काळा आणि तुळतुळीत झालेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा, पोटमाळ्यावर शिलाई मशीन किंवा जरीची चौकट, आणि खाली मोरी. ही इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असते आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींना टेकून उभी असते. एक पाडली तर तिघी जातील अशी गत.

म्हणूनच इथे एकेकट्या इमारतीचा पुनर्विकास होत नाही. साधा हिशोब करू. पहिल्या गल्लीपासून पंधराव्यापर्यंत योजनेचं क्षेत्र सुमारे ३४ एकर आणि त्यात साडेनऊशेच्या आसपास उपकरप्राप्त इमारती. ३४ एकर म्हणजे अंदाजे १ लाख ३७ हजार चौरस मीटर. भागाकार केला तर एका इमारतीच्या वाट्याला दीडशे चौरस मीटरही येत नाहीत, आणि त्यातून गल्ल्या, शाळा, मंदिरं, मशिदी वजा व्हायच्यात. एवढ्याशा भूखंडावर अग्निशमन दलाची गाडी फिरायला जागा सोडली तर बांधायला काही उरत नाही. त्यामुळे समूह पुनर्विकास, म्हणजे नियमावलीतला ३३(९), याला पर्याय नाही हे म्हाडाचं म्हणणं मला पटतं.

पण हिशोब तिथे थांबवू नका. भाडेकरू-रहिवासी साधारण ८,०००. प्रत्येकाला जाहीर झाल्याप्रमाणे ५०० चौरस फूट धरा, तर ४० लाख चौरस फूट नुसतं चटईचं क्षेत्र. म्हणजे जमिनीच्या पावणेतीन पट. त्यात जिने, लिफ्ट, मार्गिका, गाड्यांचे मजले मिळवा, मालकांचा वाटा मिळवा. जाहीर सूत्राप्रमाणे ५० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला एक सदनिका असा तो वाटा आहे. मग बिल्डरने विकायच्या इमारती त्याच जमिनीवर. टॉवर उंचच होणार. आज काका महिन्याला जे भाडं भरतात ते शंभर-दोनशेच्या घरातलं असणार. उंच टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा, रखवालदार यांचा देखभाल खर्च महिन्याला काही हजारांत जातो. कॉर्पस फंड, म्हणजे देखभालीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, किती आणि त्याचं व्याज किती वर्षं पुरेल, हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, "हॉल केवढा?"

योजना होईल का, याचं उत्तर मी शेजारच्या भेंडीबाजाराकडे बोट दाखवून देतो. चालत दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे १६.५ एकर, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं, साडेबाराशेच्या आसपास दुकानं. २००९ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी, सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांनी, सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने पहिलं काम केलं ते मालकांकडून इमारती विकत घ्यायचं. बहुसंख्य रहिवासी एका समाजाचे, सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन, पैसा हाताशी. भाडेकरूंना माझगावच्या अंजीरवाडीसारख्या जवळच्या ठिकाणी संक्रमण (तात्पुरती) घरं दिली, विरारला किंवा मानखुर्दला पाठवलं नाही. पाकमोडिया स्ट्रीट परिसरातल्या दाऊद इब्राहिमच्या तीन मालमत्ता सरकारने लिलावात काढल्या तेव्हा २०१७ मध्ये त्याही ट्रस्टनेच ११.५८ कोटींना घेतल्या.

इतकं सगळं जुळून आलं, तरी पहिल्या दोन टॉवरमध्ये माणसं राहायला जाईपर्यंत दशक उलटलं. आणि मध्ये ३१ ऑगस्ट २०१७ ची सकाळ आली. त्याच योजनेतली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. काही बिऱ्हाडं आधीच हलली होती, काही नव्हती. पुनर्विकासाच्या वाटाघाटी आणि कुजणारी तुळई यांच्या शर्यतीत कधी कधी तुळई जिंकते, हे मी प्रत्येक सोसायटीच्या बैठकीत सांगतो आणि लोक मला अभद्र बोलणारा म्हणतात.

वरळीच्या बीडीडी चाळींचंही उदाहरण लोक देतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे १६० फुटांच्या खोलीतली ५५६ कुटुंबं ५०० फुटांच्या घरात गेली, ही खरीच मोठी गोष्ट. पण त्या चाळींचा मालक एकच, सरकार. कामाठीपुऱ्यात मालक सुमारे ८००. त्यातले काही परदेशात, काही मयत, काहींचे वारस एकमेकांविरुद्ध कोर्टात. ट्रस्ट नाही, एक समाज नाही, एक भाषा नाही. म्हाडाने २०२५ मध्ये निविदा काढल्या म्हणजे कागदावर गाडी पुढे सरकली आहे. होईल असं मी म्हणेन. लवकर होईल असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि तुमच्या काकांना इमारत धोकादायक वाटत असेल तर योजनेची वाट न बघता आजच जागा बदला. मंडळाची किंवा पालिकेची नोटीस आणि जागा सोडल्याची नोंद मात्र लेखी घ्या, म्हणजे खोलीवरचा हक्क त्याने जात नाही. नोंदीशिवाय बाहेर पडलेली कितीतरी कुटुंबं मुंबईच्या संक्रमण शिबिरांत म्हातारी झाली.

तळमजल्याचा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो सहसा कोणी विचारत नाही.

नेहमी सांगितला जाणारा पालिकेचा आकडा असा: १९९२ मध्ये कामाठीपुऱ्यात या धंद्यात ५०,००० बायका, २००९ मध्ये १,६००. पहिला आकडा मला फुगलेला वाटतो, पण घसरण डोळ्यांनी पाहिली आहे. एड्सची भीती आली, धाडी आल्या. फेब्रुवारी १९९६ मधल्या एका मोहिमेत चारशेहून जास्त मुली-बायका सोडवल्या गेल्या, त्यात नेपाळच्या बऱ्याच होत्या आणि त्यांना परत घ्यायला कोणी पटकन पुढे येईना. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, एकटा गिरणगडी संपला. मोबाइल आला तसा धंदा फ्लॅटांत आणि लॉजवर गेला. राहिलेल्या गाळ्यांत बॅगा शिवणारे, जरीवाले, भंगारवाले, इमिटेशनवाले आले. शुक्रवारी पहाटे 'दीड गल्ली' नावाच्या गल्लीत बुटांचा बाजार भरतो तेव्हा तिथे उभं राहून पाहा. हा भाग "पुनरुज्जीवित" व्हायची वाट बघत बसलेला नाही, तो स्वतःच्या हिमतीवर कधीच बदललाय.

मात्र खोली कोणाच्या नावावर आहे हे बदललेलं नाही. समजा तळमजल्यावर एक गाळा आहे. भाडेपावती एका माणसाच्या नावावर, तो कधीच येत नाही. त्याच्याकडून घरवालीने, म्हणजे धंदा चालवणाऱ्या बाईने घेतलाय, तोंडी. तिने प्लायवूड आणि पडदे लावून चार खाटा केल्या. एकेका खाटेवर एकेक बाई, अधियावर, म्हणजे निम्मी कमाई घरवालीची. योजनेच्या यादीत या सहा-सात जणांपैकी एकच नाव येतं, आणि ते तिथे कधीच न राहिलेल्या माणसाचं. वरच्या मजल्यावरच्या जरीच्या कारखान्यातही हेच. गाळा शेटचा, मशीनखाली झोपणारे बिहार-बंगालचे कारागीर यादीत नाहीत. पात्रता ठरते ती १३ जून १९९६ पूर्वीच्या भाडेकरारावरून. तीस वर्षं एका खाटेवर काढलेल्या बाईकडे त्या तारखेचं काय असणार?

या बाबतीत थोडं काही झालंय, ते सांगतो. प्रेरणा ही संस्था १९८६ पासून इथे काम करते, तिने १९८८ मध्ये या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं, कारण मुलांना सर्वांत जास्त धोका रात्रीचाच. त्या मुलांना शाळेचा दाखला मिळाला, म्हणजे आयुष्यातला पहिला कागद. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ च्या आदेशात, पत्त्याचा पुरावा नसला तरी आरोग्य यंत्रणेतल्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर या स्त्रियांना आधार कार्ड द्यावं असं म्हटलं. पण आधार म्हणजे भाडेपावती नव्हे. योजनेत निदान भाड्याची स्वस्त घरं, वसतिगृह, कारागिरांसाठी गाळ्यांचा एखादा मजला असायला हवा. बांधकामाच्या दृष्टीने हे अजिबात अवघड नाही, एवढ्या चौरस फुटांत कुठेही बसेल. तुमच्या इमारतीची सभा होईल तेव्हा हा मुद्दा तुम्ही मांडलात तर बरं, कारण त्या बायकांना सभेचं बोलावणं जाणार नाही. काही शेजारी म्हणतील "ती घाण गेली की बरं". त्यांना फणसवाडीचा आकडा सांगा.

शेवटी खोलीचं. आजोबा हयात नाहीत असं दिसतंय. तेव्हा आधी पावती पाहा. शेवटची पावती कोणत्या वर्षाची, नाव कोणाचं, खोली क्रमांक काय, आणि घर आहे की दुकान असं लिहिलंय. मालकाचा माणूस भाडं घ्यायला येत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा आणि परत आलेली पावती जपून ठेवा. वारस म्हणून काका की तुमचे वडील, हे घरात बसून आत्ताच ठरवा. भाडेहक्क सहसा मयताबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, त्यामुळे काकांची बाजू वजनदार आहे हे मनात धरून बोला. जुनं रेशनकार्ड, वीजबिल, मतदार यादीतलं नाव, सगळं एका पिशवीत. दुरुस्ती मंडळाकडे भाडेकरूंची प्रमाणित यादी असते, तीत आजोबांचं नाव आणि क्षेत्रफळ काय लागलंय ते माहितीच्या अधिकारात मागा. पोटमाळा क्षेत्रात धरला जाईल या आशेवर राहू नका. १९९६ नंतर भिंत घालून एका खोलीच्या दोन केल्या असतील तर दोन घरं मिळणार नाहीत.

दलालाचं म्हणाल, तर पागडी हस्तांतरण १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून उघडपणे करता येतं, मालकाची लेखी संमती आणि त्याचा वाटा मात्र लागतो, रिवाजाने तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. कोऱ्या स्टँपपेपरवर सही, "आत्ता टोकन घ्या, मालकाचं आम्ही बघतो" असली भाषा ऐकली की फोन ठेवा. पैशांची निकड असेल, आजारपण असेल, मुलीचं शिक्षण असेल तर विकण्यात कमीपणा नाही, योजनेची वाट बघत हातपाय गाळून बसू नका. पण भाव करताना एवढं ध्यानात ठेवा की तो तुम्हाला एकशे वीस फुटांचे पैसे देतोय आणि विकत पाचशे फूट घेतोय.